मॉन्ट्रियलच्या रस्त्यावर फोटो काढण्याआधी

१४ जुलै, सोमवार

रॉयडनने जानेवारीत दिलेली ही त्याच्या हॉटेलची डायरी इतके दिवस गल्ल्याखाली पडून होती. रॉयडन म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, दुबईला हॉटेलात रिसेप्शनवर असतो. आज डायरीवरची धूळ झटकली, कारण आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं.

स्टुडिओत सकाळपासून एकच गिऱ्हाईक आलं, तेही एसीची हवा खायला. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियाच्या तोंडाशी ‘जोविता फोटो स्टुडिओ’ ही पाटी लावली तेव्हा दारात रांग लागायची. व्हिसाचे फोटो, लेबर कार्डाचे फोटो, गावी पाठवायचे फोटो. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि मी उरलोय पाटी पुसायला.

दुपारी धनंजय आला. अल नहदाला आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो, लॉजिस्टिक्स कंपनीत मॅनेजर आहे. मराठी लोकांचा एक फोटो क्लब चालवतो. पोरगा मनाने चांगला आहे, फक्त क्षितिज सरळ ठेवायला शिकत नाही.

“अंकल, ऑक्टोबरचा प्लॅन फायनल! मॉन्ट्रियल. फॉल कलर्स आहेतच, पण मेन म्हणजे स्ट्रीट फोटोग्राफी. तुम्ही आमचे एक्सपर्ट म्हणून चला ना. आणि आधी ग्रुपसाठी गाइडलाइन्स लिहून द्या, मराठीतच. तिथे सगळे फ्रेंच बोलणारे, कोणाचा फोटो काढला आणि लफडं झालं तर?”

त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो.

जोविता मॉन्ट्रियलला आहे. माझी एकुलती एक मुलगी. चार वर्षं तिने मला तोंड दाखवलेलं नाही. माझा नंबर ब्लॉक आहे. रॉयडनला कुठूनसं कळलं की ती तिथे मों-रॉयाल नावाच्या रस्त्यावर एका पावाच्या दुकानात काम करते. तो रस्ता मी कॉम्प्युटरवर इतक्यांदा पाहिला आहे की तिथली झाडंसुद्धा ओळखीची झाली आहेत. मला तिच्याशी भांडायचं नाही. एकदा तिचा चेहरा पाहायचा आहे, बस.

घरी बायकोला, फिलोला सांगितलं. मला वाटलं, रडेल किंवा नाचेल. ती “बरं” म्हणाली आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. या उकाड्यात बाल्कनीत कोण बसतं? पण फिलोमिनाला हल्ली एसी सोसत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

सूचना लिहायला घेतल्या. माझी पहिलीच सूचना मुळात जोविताची आहे.

ती आठवीत असेल. शाळेत हिंदी सोडून फ्रेंच घेतलं होतं, त्यावरून मी तिला पुष्कळ पिडायचो, की वसईला गेल्यावर फ्रेंच कोणाशी बोलणार, कोळणीशी? एकदा एक फ्रेंच बाई पासपोर्टच्या फोटोला आली. मी नेहमीसारखं सिट मॅडम, चिन अप सुरू केलं. काउंटरमागे होमवर्क करणारी जोविता ओरडली, “डॅडी, फर्स्ट से बाँझूर! नो चिन अप. फर्स्ट बाँझूर.” मी बाँझूर म्हटलं आणि त्या बाईचा चेहरा असा खुलला की पासपोर्टच्या फोटोला तो चालेना, हसू कमी करायला सांगावं लागलं.

तेव्हा असं लिहिलं: आधी बाँझूर. मग कॅमेरा दाखवा, तोही छातीशी धरून. मग नुसत्या भुवया उंचवा. समोरच्याने मान हलवली तर काढा. नजर फिरवली तर ते नाहीच समजा, दुसऱ्यांदा विचारू नका. लांबची लेन्स लावून झाडामागे उभे राहू नका, ते चोराचं काम आहे. लेकरांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही. काढलेला फोटो त्या माणसाला दाखवा आणि पाठवतो म्हणालात तर खरंच पाठवा.

लेन्सचंही लिहिलं. आपल्याकडे एसीतून बाहेर आलं की काचेवर धुकं धरतं, तिथे उलटं, थंडीतून दुकानात शिरलं की धरेल. आत जाण्याआधी कॅमेरा पिशवीत गुंडाळा.

इथे विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढला तर थेट पोलीस. तिथे म्हणे रस्त्यावर काढायला आडकाठी नाही, पण ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो त्याला न विचारता चारचौघांत लावला तर तो माणूस कोर्टात जाऊ शकतो. धनंजयला हे अतिच वाटलं. मला एकदम पटलं. मी लिहिलं: “चेहरा त्याचा आहे, आपलं फक्त बटण.” वाक्य जमलं आहे. फिलोला वाचून दाखवलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक वाटलं असावं, ती बोलून दाखवणाऱ्यांतली नाही.

२७ जुलै, रविवार

सकाळी सकाळी, ऊन चढायच्या आत, क्लबला सरावासाठी इंडस्ट्रियल एरियात नेलं. धनंजय, त्याची बायको रंजिता आणि चार-पाच जण. गॅरेजवाल्यांना विचारून विचारून फोटो काढले. सगळं नीट चाललं होतं. मग धनंजयने घोळ घातला.

चहाच्या टपरीपाशी कंपनीच्या बसची वाट बघत एक माणूस फुटपाथच्या कडेला बसला होता. सिमेंटने पांढरा झालेला, हेल्मेट मांडीवर. उजेड तिरका पडला होता. कोणालाही मोह झाला असता. धनंजयने न विचारता कॅमेरा उचलला. त्या माणसाने हेल्मेटच तोंडापुढे धरलं आणि तिथून पळाला. मी हाक मारली, “गणू!” तेव्हा थांबला.

गणू माझं जुनं गिऱ्हाईक. गुहागरकडचा, सोनापूरच्या कामगार कॅम्पात राहतो, बांधकामावर पहाड, म्हणजे परांची बांधतो. दर वर्षी माझ्याकडे येतो, खुंटीवरचा स्टुडिओचा निळा कोट आणि टाय चढवतो, कॉम्प्युटरच्या बंद स्क्रीनपुढे बसून फोटो काढून घेतो आणि आईला, मुक्ताबाईला पाठवतो. गावाच्या लेखी मुक्ताबाईचा मुलगा ऑफिसात आहे. निम्मा इंडस्ट्रियल एरिया त्या कोटात गावी पोचला आहे.

धनंजय पुरता ओशाळला. “सॉरी भाऊ, रिअली सॉरी. लगेच डिलीट करतो, बघा तुमच्यासमोर.”

गणू म्हणाला, “दाखवा तरी आधी.” स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, “नको पुसू. चांगला आलाय. ठेवा तुमच्याकडं. पण अट एकच हाय साहेब, आमच्या मुक्ताबाईच्या नजरंला पडता कामा नये. फेसबुक नाय, स्टेटस नाय, कायपण नाय. कुठंतरी माझा खरा फोटो असू दे, पण तिला दिसंल असा नको.”

“प्रॉमिस,” धनंजय म्हणाला. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, पोरगा खरं बोलत होता. नंतर रंजिताने, मग मी, त्याला तो फोटो दाखव म्हटलं तर त्याने आम्हालाही दाखवला नाही. जरा जास्तच झालं, पण आवडलं.

घरी येऊन सूचनांत भर घातली: “माणूस कधी कधी हो म्हणतो आणि अट घालतो. ती अट फोटोचाच भाग आहे. पाळता येणार नसेल तर बटण दाबू नका.”

९ ऑगस्ट, शनिवार

काचेतली जोविता निळी पडली.

स्टुडिओची दर्शनी काच पश्चिमेला आहे. इथलं ऊन प्रिंटमधला लाल आणि पिवळा आधी खातं, उरतो तो निळा. दर वर्षी मी तिची नवी प्रिंट काढून लावतो. बाकीचे फोटो, नवरे-नवऱ्या, बाप्तिस्म्याची बाळं, फिके पडले तरी राहू देतो. तिचा नाही.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोटो आहे. एकोणीस वर्षांची होती. आईचं लाल लुगडं, केसांत चाफा, दिवा डावीकडून. ती हसलेली नाही, नुकतंच कोणीतरी हाक मारली म्हणून वळली आहे. “काचेत लावू नका हां डॅडी,” म्हणाली होती. पोरी म्हणतातच असं. एवढा चांगला फोटो कपाटात ठेवायला मी काय वेडा आहे? येणारेजाणारे थांबायचे. वसईकडच्या नंदाखालचं एक कुटुंब इथे पाहुणं म्हणून आलं होतं, त्यांनी काचेतूनच तिला पसंत केलं. मी एक प्रिंट त्यांना दिली. त्यांनी ती वसईभर फिरवली, मग आणखी दोन स्थळं आली. बापाने यापेक्षा काय करावं? तोवर ती नोकरीला लागली होती, ऑफिसातल्या कोणा मुलाने तिला तिचाच फोटो मोबाइलवर दाखवला, खाली उंची, पगार, सगळं लिहिलेलं. त्यावरून घरात जो तमाशा झाला! “आय सेड नो, डॅडी. आय सेड इट सो मेनी टाइम्स.” मी म्हटलं, चांगलं घर आहे, गप्प बस. साखरपुड्याच्या आधी ती कॅनडाला शिकायला निघून गेली. लोक काय म्हणाले ते मी ऐकलं, तिला ऐकावं लागलं नाही.

तर आज नवी प्रिंट काढली, आणि या वेळी मोठी काढली, काचेच्या निम्म्या उंचीची. बाकीचे फोटो काढूनच टाकले. आता रस्त्याच्या पलीकडूनही दिसते. मला वाटलं, मी तिच्याकडे निघालोच आहे तर तिचं स्वागत आधी इथे व्हावं.

फिलो डबा घेऊन आली आणि दाराबाहेरच थबकली. “आता तरी काढा तो,” म्हणाली. मी म्हटलं, अगं, आत्ताच तर लावला. ती डबा ठेवून निघून गेली. बस येईपर्यंतही थांबली नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

व्हिसाचे कागद दिले. मनात सारखं तेच चालू आहे. दुकानात शिरताना कॅमेरा बाहेर ठेवायचा की गळ्यात? कॅमेरा पाहून ती चिडेल. पण कॅमेऱ्याशिवाय माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही.

चर्चहून आल्यावर फिलो विणत बसली. पिवळी लोकर, छोटे छोटे मोजे. म्हणते चर्चच्या स्टॉलसाठी आहेत. शारजात लोकरीचे मोजे कोण घेणार, असं मी म्हटलं तर म्हणाली, “मॉन्ट्रियलला आत्ता रात्री अकरा डिग्री होतं.” काय विचारलं, काय सांगते! पण तिनेही तिथलं हवामान पाहायला सुरुवात केली हे बघून मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत या घरात जोविताचं नाव मी एकटाच काढतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

व्हिसा नाकारला. बाकी सगळ्यांचा आला, माझाच नाही. परत येईन याची खात्री वाटत नाही, असं काहीसं लिहिलं आहे.

यापुढे आज काही लिहवत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेलो नाही. देवाला काय सांगायचं ते सगळं सांगून झालं आहे.

स्टुडिओही उघडला नाही. पलंगावर पडून छताकडे बघत होतो. मला आता बासष्टावं लागलं. लायसन पुढच्या वर्षी संपलं की दुकान बंद करून वसईला, गासला जायचं, नारळ मोजत बसायचं आणि मरायचं, आणि या सगळ्यात ती कुठेही नसेल. तिचा चेहरा मला फोटोतला, एकोणिसाव्या वर्षाचाच आठवतो. तीच चेहरेपट्टी आता रस्त्यात समोरून आली तर मी, ज्याने आयुष्यभर चेहरे पाहिले, तिला ओळखेन की नाही याची मला भीती वाटते. हे मी कोणाला सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहितो.

फिलो चहा घेऊन आली. पलंगाच्या कडेला बसली आणि दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी भिंतीकडे वळलो. मला कोणाची समजूत नको होती.

१६ सप्टेंबर, मंगळवार

धनंजयला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं. दुकानाचं नाव दिलं. “तू जाशीलच त्या रस्त्याला. समोरच्या फुटपाथवरून, तुझी ती लांबची लेन्स लावून, एक फोटो काढ तिचा. तिला कळायला नको. मला एकच पाहिजे.”

त्याने मान खाली घातली. “अंकल, तुमच्या गाइडलाइन्समध्ये तर…”

“त्या परक्या माणसांसाठी आहेत. मी तिचा बाप आहे.”

“हो, ते आहेच. पण ती…” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “इन्शाल्ला, अंकल. बघतो.”

इन्शाल्ला म्हणजे इथे कधी कधी नाहीच असतं. पण मी त्याचा हात धरला आणि त्याच्या घड्याळावर कपाळ टेकवून रडलो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती आणि कधी इतकी कमी पर्वाही वाटली नव्हती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मंडळी निघाली. सूचनांच्या छापील प्रती सगळ्यांना दिल्या, वर माझं नाव. एअरपोर्टला जाऊन हात हलवायची माझी हिंमत झाली नाही. बिल्डिंगखालीच निरोप दिला.

फिलोने रंजिताकडे एक खोकं दिलं. “दुकानात कोणाच्या तरी हातात देऊन ये, बाई. खजूर आहे, बाटली मसाला आहे.” वर तिने स्वतःच्या अक्षरात पत्ता लिहिला होता, इमारतीचा नंबर, पिनकोड, सगळं, कुठेही न बघता. दुकानाचा असेल. रॉयडनने तिलाही दिलेला दिसतो. मी खोकं उचलून पाहिलं तर फार हलकं. मसाला एवढा हलका कधीपासून झाला, असं विचारणार होतो, पण रंजिताने ते घाईने गाडीत ठेवलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

ग्रुपवर फोटो येत आहेत. लाल पानं, लोखंडी जिने, बाकावर झोपलेला म्हातारा (त्याला विचारलं होतं म्हणे, आधी आणि नंतर). क्लबातल्या निनादने लिहिलं, “बाँझूर वर्क्स लाइक मॅजिक, अंकल!” मी प्रत्येक फोटो मोठा करून मागची गर्दी बघतो. मागून जाणाऱ्या बायांचे कान, खांदे, चाल. जोविता उजवा खांदा जरा वर धरून चालते, लहानपणी दप्तरामुळे लागलेली सवय. तशी एकही दिसली नाही.

डोळे दुखायला लागले. बंद करतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

धनंजयचा मेसेज: “भेटलो, अंकल. आल्यावर बोलू.”

भेटलो. काढला नव्हे, भेटलो. मी पुन्हा पुन्हा फोन केला, त्याने उचलला नाही. फिलोला दाखवलं तर ती नुसती हो म्हणाली आणि कूकर लावायला गेली. या बाईच्या काळजाचं काय झालं आहे देव जाणे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनंजय आला. रंजिता बरोबर नव्हती. फिलो कोपऱ्यात विणत बसलेली. त्याने जसं सांगितलं तसं लिहून ठेवतो, कारण उद्या मला ते वेगळं आठवू लागेल.

तो दुकानासमोर उभा राहिला, मी सांगितलं तसा, झाडाच्या आडून. लांबची लेन्स लावली. काचेतून ती दिसली. “बोट बटणावर होतं, अंकल. पण मला तो गणू दिसायला लागला. ते हेल्मेट तोंडावर धरलेलं. नाही जमलं. कॅमेरा बॅगेत टाकला आणि आत जाऊन बाँझूर म्हटलं.”

त्याने तिला मराठीत सांगितलं की मी शारजाहून आलो, तुझ्या डॅडींच्या बिल्डिंगमधला. ती घाबरली नाही. अॅप्रनला हात पुसत बाहेर आली. विचारलं, “डॅडी अजून उभ्यानेच जेवतात का?” मग त्याने तिला माझ्या सूचनांचा कागद दिला. तिने फुटपाथवर उभं राहून तो वाचला. मराठी तिला अडखळत येतं, बोट ठेवून वाचत होती. एका ठिकाणी थांबली. “हे डॅडींनी लिहिलंय? हिमसेल्फ?” धनंजय म्हणाला, प्रत्येक शब्द त्यांचा. तिने तेच वाक्य मोठ्याने वाचलं, चेहरा त्याचा आहे, आपलं फक्त बटण. तिचे डोळे भरले. म्हणाली, “ओके. काढा फोटो. त्यांना दाखवा.” आणि आपणहून दुकानाच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली, कारण उजेड तिकडून होता. कोणीही सांगितलं नाही. फोटोग्राफरची पोर आहे माझी.

“मग?” मी म्हणालो.

धनंजयने मोबाइल हातातल्या हातात फिरवला.

“मग काय झालं, बोल की!”

“मग तिने विचारलं, ‘तो काचेतला फोटो? इज इट स्टिल देअर?’ आणि मी… अंकल, मला काही माहीत नव्हतं, आई शप्पथ. मला वाटलं तिला आनंद होईल. मी म्हणालो, आहे म्हणजे काय! अंकलनी आत्ताच नवीन लावलाय, हा एवढा मोठा. रस्त्यापलीकडून दिसतो. सगळे बघतात.”

फिलोच्या सुया थांबल्या.

“तिने कागदाची घडी केली, खिशात ठेवली. मग म्हणाली, फोटो काढा, तुम्ही नीट विचारलंत म्हणून. पण तो तुमच्याजवळच ठेवा. त्यांना दाखवायचा नाही.”

मी हात पुढे केला. “दाखव.”

त्याने मोबाइल खिशात घातला आणि वरून हात दाबून धरला. “अंकल, प्लीज. तुम्हीच लिहिलंय. अट फोटोचाच भाग आहे. मी तिला हो म्हणालोय.”

मी त्याला नाही नाही ते बोललो. माझ्या वयाच्या माणसाने कोणाच्या लेकराला बोलू नये असं बोललो. दारापर्यंत त्याच्या मागे गेलो आणि शेवटी हात जोडले. तो खिशावरचा हात काढेना. जाताना म्हणाला, “एवढंच सांगतो, खलास. छान आलाय फोटो. दोघीही छान दिसतात.”

आणि जीभ चावून फिलोकडे पाहिलं.

दोघी.

मी फिलोकडे वळलो. तिच्या मांडीवर ती पिवळी लोकर होती. मोज्यांची जोडी संपली होती, आता टोपी चालली होती. माझ्या मुठीवर बसेल एवढी.

१९ ऑक्टोबर, रविवार

कधीपासून, असं विचारलं. पहिल्यापासून, म्हणाली. एक दिवसही खंड नाही. या घरात जोविताचं नाव मी एकटाच काढत होतो आणि बाल्कनीत ती रोज तिच्याशी बोलत होती.

“मला का नाही सांगितलंस?”

“तिने नको म्हटलं होतं.” फिलो शांत होती. “तिचं ऐकणारं घरात कोणीतरी पाहिजे होतं ना? सप्टेंबरात तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात तेव्हा माझ्याच्याने राहवेना. तिला विचारलं, सांगू का? थांब म्हणाली. म्हणून थांबले.”

बाळ जूनमध्ये झालं. मुलगी. बाप तिकडचाच आहे, भला माणूस आहे म्हणते. मी विचारलं, नाव काय ठेवलं? फिलो सुईवरचे टाके मोजत राहिली. मग म्हणाली, “तिला विचारून सांगते.”

मी संध्याकाळी स्टुडिओत गेलो आणि काचेतला फोटो उतरवला. चिकटपट्टी घट्ट बसली होती, कोपरा फाटला. लुगड्याचा लाल अजून पहिल्या दिवसासारखा होता, उन्हाला तो खायला वेळच मिळाला नव्हता. गुंडाळी करून कपाटात ठेवला. कपाटात ठेवायला मी काय वेडा आहे, असं मीच मागे या डायरीत लिहिलं आहे. आज ते पान उलटून वाचलं आणि तसंच राहू दिलं.

मग रस्त्यापलीकडे गेलो आणि रिकाम्या काचेचा एक फोटो काढला. त्यात माणूस नाही, त्यामुळे कोणाला विचारावं लागलं नाही. घरी येऊन फिलोला म्हणालो, हा तिला पाठवशील का? तिने आधी बाल्कनीत जाऊन विचारलं, मग पाठवला.

पोचला. पाहिला. उत्तर नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

उत्तर नाही. नावही कळलेलं नाही.

धनंजयकडे दिवाळीला जाऊन माफी मागितली. त्याने चकलीची ताटली पुढे केली, मोबाइल टेबलावर उलटा ठेवला होता. त्या काळ्या पाठीकडे मी पूर्ण वेळ बघत बसलो. त्यात ती आहे, डावीकडून उजेड, आणि कडेवर ती दुसरी. हाताच्या अंतरावर. मी हात लावला नाही. रंजिताने विचारलं, अंकल, चहा घेणार ना? मी हो म्हणालो.

काल गणू आला होता, वर्षाचा फोटो काढायला. निळा कोट चढवून आरशात बघताना विचारलं, काचेतली मुलगी कुठं गेली हो? मी म्हटलं, तिच्या घरी. तो बरं म्हणाला, टाय सरळ केला. मी बटण दाबलं.

आज फिलोने नवीन टोपी विणायला घेतली. पहिली आता बसत नाही म्हणे. मी पहिलीच्या मापाचा कागद तिच्या टोपलीतून उचलला आणि नवीच्या टाक्यांवर धरून पाहिला. नवी दोन बोटं मोठी आहे.

माझ्या नातीबद्दल मला एवढंच माहीत आहे.